डॅन्यूबकाठी पिस्तूलखरेदी

युरोपच्या प्रवासाहून परत येताना काय आणावे याविषयी आमच्या घराण्याची मते ठाम आहेत. चॉकलेटे आणावीत, सुगंधी साबण आणावेत, आणि हात फारच सैल असेल तर दर तासाला आतून पक्षी बाहेर येऊन ओरडणारे ते लाकडी घड्याळ आणावे. या यादीत एके दिवशी ‘पिस्तूल’ हा शब्द येऊन पडला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी हातातले लाटणे खाली ठेवले आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी बँक लुटण्याचाच बेत सांगत होतो.

पिस्तूल हवे होते भाचीला. माझी धाकटी बहीण कोल्हापूरला दिलेली. मेहुणे हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या या मुलीने कॉलेजात असताना नेमबाजीचा नाद घेतला, आणि कोल्हापुरात हा नाद लागणे म्हणजे पुण्यात गाण्याचा नाद लागण्यासारखेच आहे. कोणी हटकत नाही. 2010 साली म्यूनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवणारी तेजस्विनी सावंत तिथलीच. 2018 साली जाकार्ताच्या आशियाई खेळांत पंचवीस मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकणारी राही सरनोबतही तिथलीच. 2024 साली पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसळे त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. तेव्हा आमच्या भाचीने तीन वर्षे दुसऱ्याचे, मागून घेतलेले पिस्तूल चालवल्यावर ‘आता स्वतःचे पाहिजे’ म्हटले, तर त्यात नवल नव्हते. नवल होते ते किमतीत. अशी पिस्तुले दोन हजार युरोंच्या आगेमागे पडतात. त्याचे रुपये करून मेहुण्यांनी कागदावर मांडले, कागद दोन दिवस उशाखाली ठेवला, आणि घरावर वरचा मजला चढवण्यासाठी बाजूला काढलेली रक्कम तिच्या हवाली केली. “मजला काय, पुढंही चढवता येतो,” असे ते म्हणाले. ताई काहीच बोलली नाही. तिने जिन्यासाठी घेऊन ठेवलेल्या लाद्या तेवढ्या परत केल्या.

आमचे चिरंजीव म्यूनिकला नोकरीला आहेत. आम्ही उभयता मे महिन्यात त्याच्याकडे जाणारच होतो. भाची आमच्याबरोबर आली. पिस्तूल काही खिशात घालून आणायचे नव्हते. परवाना, संघटनेचे पत्र, आयातीची परवानगी हा सारा कागदांचा डोंगर तिने आधीच चढून ठेवला होता. प्रश्न एवढाच, की कागदावर नाव कोणते घालायचे? तिच्या डोक्यात दोन नावे घोळत होती. एक जर्मन वाल्थर आणि दुसरे इटलीतले पार्दिनी. ज्या वस्तूवर पुढची दहा वर्षे काढायची ती हातात न धरता, पाच-पन्नास गोळ्या न झाडता घेऊ नये, असे तिचे म्हणणे. शालू घेतानासुद्धा बायका पदर खांद्यावर टाकून पाहतात, तेव्हा मला ते पटले.

चिरंजीवांच्या कचेरीतला एक सहकारी उल्मजवळच्या एका नेमबाजी मंडळाचा सभासद निघाला. पाहुणा म्हणून तिथे देखरेखीखाली नेम धरता येतो आणि मंडळात दोन्ही जातींची पिस्तुले आहेत, असे कळले. अशा रीतीने, म्यूनिकच्या राजवाड्यांना पाठ दाखवून, आम्ही सव्वा तासाच्या आगगाडीने उल्मला जाऊन पोचलो.

उल्म हे डॅन्यूबच्या काठचे टुमदार गाव. नदीच्या अलीकडे उल्म, पलीकडे नवे उल्म; आणि गंमत अशी, की पूल ओलांडला की राज्यच बदलते. अलीकडे बाडेन-व्युर्टेंबर्ग, पलीकडे बव्हेरिया. गावात शिरण्याआधीच चर्चचे शिखर दिसू लागते. 1377 साली पायाचा दगड बसला आणि शिखर पुरे झाले 1890 साली. म्हणजे पाचशे तेरा वर्षे. आपल्याकडच्या रखडलेल्या पुलांविषयी मी तेव्हापासून जरा सौम्य बोलतो. उंची साडेएकशे एकसष्ट मीटर. 2025 च्या ऑक्टोबरात बार्सिलोनाच्या सागरादा फामिलियाने मागे टाकीपर्यंत, चर्चच्या शिखरांत जगात पहिला नंबर याचाच होता. गावकऱ्यांना त्याची फारशी खंत दिसली नाही. त्यांचा खरा अभिमान चिमणीवर आहे.

ही चिमणीची गोष्ट आमच्या सौभाग्यवतींना इतकी आवडली की त्यांनी ती पुढे चार घरी सांगितली. चर्च बांधताना एक लांबलचक तुळई गाडीवर आडवी टाकून लोक वेशीशी आले. आडवी तुळई दारातून जाईना. शहाणे जमले, वाद झाले, आणि वेस पाडावी असा ठराव होणार एवढ्यात एक चिमणी चोचीत काडी घेऊन आली. ती काडी तिने उभी, टोकाकडून घरट्यात सारली. मग उल्मकरांच्या डोक्यात प्रकाश पडला! चर्चच्या छपरावर तांब्याची चिमणी आजही बसवलेली आहे, आणि गावभर रंगवलेल्या चिमण्या ठेवल्या आहेत. स्वतःच्या पूर्वजांच्या वेडेपणाचे असे पुतळे उभारणारे गाव मला फार आवडले. याच गावच्या बेर्ब्लिंगर नावाच्या शिंप्याने 1811 च्या मे महिन्यात पंख बांधून डॅन्यूबवरून उडी घेतली आणि तो थेट पाण्यात पडला. त्यालाही गाव विसरलेले नाही. आइन्स्टाइन इथे 1879 साली जन्मला. जुन्या शस्त्रागारापाशी त्याच्या नावाचे एक कारंजे आहे, त्यात तो जीभ बाहेर काढून दाखवतो.

शस्त्रांचा विषय निघालाच आहे, तर वाल्थरविषयी सांगितले पाहिजे. हे मूळचे उल्मचे नव्हेत. 1886 साली थुरिंगियातल्या त्सेला गावी कार्ल वाल्थरने दुकान थाटले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकात झटपट पिस्तुलाचे सुवर्णपदक व्हान ओएन या जर्मन नेमबाजाने मिळवले ते वाल्थरच्याच पिस्तुलाने. मग महायुद्ध, पराभव. थुरिंगिया रशियनांच्या वाट्याला गेला, कारखाना गेला, आणि कुटुंब पश्चिमेकडे निघून आले. पुढे 1953 पासून उल्म. मधल्या काळात, आणि युद्धाच्या आधीही, या मंडळींनी हिशेबाची यंत्रे बनवून विकली आहेत; हे ऐकून गणिताचे मास्तर असलेल्या आमच्या मेहुण्यांचे मत एकदम वाल्थरकडे झुकले. 1968 साली वाल्थरने नेमबाजीचे जे पिस्तूल काढले, त्याची पेटी चापाच्या पुढे. गोळ्यांची पेटी मुठीत न ठेवता पुढे नेल्यामुळे मूठ हवी तशी घडवायला मोकळी राहते. पार्दिनी हे घराणे त्या मानाने तरुण. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, लीदो दि कामायोरे या समुद्रकाठच्या गावात, स्वतः नेमबाज असलेल्या ज्यांपिएरो पार्दिनीने ते काढले. त्याच्याही पिस्तुलाची पेटी चापाच्या पुढेच.

ती दोन्ही पिस्तुले मंडळाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेली पाहिली तेव्हा मी चष्मा पुसला. जुळ्या बहिणी! मी तसे बोलूनही दाखवले.

तिथल्या देखरेखीवर एक आजोबा होते. सत्तरी ओलांडलेले, निळा एप्रन, कानाला पेन्सिल, थेट आपल्या पेठेतल्या सुतारासारखे. चिरंजीवांनी माझे वाक्य भाषांतर करून सांगितल्यावर ते हसले आणि त्यांनी कपाटातून एक पत्र्याची पेटी काढली. तीनशे मिलिमीटर लांब, दीडशे उंच, पन्नास रुंद. पिस्तूल या पेटीत मावले पाहिजे. नळी एकशे त्रेपन्न मिलिमीटरांहून लांब नको. वजन चौदाशे ग्रॅमच्या आत. चाप निदान एक किलो वजनाने ओढला गेला पाहिजे. त्यासाठी नळी उभी धरून चापाला वजन लटकवून पाहतात. एवढी सारी बंधने घातल्यावर दोन कारखान्यांची पिस्तुले सारखी दिसतील नाहीतर काय? एकाच मापाच्या डब्यात बसवायच्या करंज्या, त्या सारख्याच दिसायच्या.

काडतूस तर सगळ्यांचे एकच. बावीस बोअर, म्हणजे 5.6 मिलिमीटर. शिशाची गोळी अडीच ग्रॅमहून किंचित जड. याची खुबी अशी की ठिणगीचे द्रव्य बुडाच्या मध्यभागी नसते, कडेच्या दुमडीत भरलेले असते. टाचणी त्या कडेवर आपटते, कड चेपते, बार उडतो. म्हणून हे काडतूस स्वस्त, धक्का बेताचा, आणि रिकामे टरफल पुन्हा भरता येत नाही, फेकूनच द्यायचे. आजोबांनी आणखी एक गोष्ट बजावली. आत काही नसताना चाप ओढत बसू नये. कडेवर आपटणारी टाचणी मग नळीच्याच काठाला टोचत राहते. रिकामा सराव करायचा तर त्याची वेगळी सोय वापरावी.

“यांतलं जास्त अचूक कुठलं?” मी विचारले. प्रश्न मला फार मार्मिक वाटला होता. आजोबांनी भिंतीवरचा एक कागद दाखवला. पिस्तूल शिकंज्यात आवळून पंचवीस मीटरवरून मारलेल्या गोळ्या. सगळ्या मिळून एकच वेडेवाकडे भोक, रुपयाच्या नाण्याखाली झाकले जाईल एवढे. शर्यतीत दहा गुणांचे वर्तुळ असते पन्नास मिलिमीटरांचे, म्हणजे चांगल्या पेढ्याएवढे. “दोन्ही पिस्तुलं तुमच्या भाचीपेक्षा जास्त अचूक आहेत,” आजोबा म्हणाले, “आणि माझ्यापेक्षाही. अचूकपणा विकत घ्यायला कोणी येत नाही इथं.”

मग विकत घ्यायचे काय? ते समजण्यासाठी हा खेळ कसा असतो ते सांगतो. बायकांच्या पंचवीस मीटर पिस्तुलात (ऑलिंपिकात ही शर्यत 1984 पासून आहे) साठ गोळ्या. पहिल्या तीस सावकाश. पाच गोळ्यांना पाच मिनिटे. दुसऱ्या तीस मात्र झटपट. हात खाली तिरका धरून उभे राहायचे, हिरवा दिवा लागला की हात उचलायचा, नेम धरायचा, गोळी झाडायची. त्याला तीन सेकंद. मग लाल दिवा, सात सेकंद थांबायचे, पुन्हा हिरवा. असे पाच वेळा. इथे टार्गेटचे दहाचे वर्तुळ पुरीएवढे मोठे असते खरे. पण तीन सेकंद म्हणजे किती, हे घड्याळ समोर ठेवून एकदा पाहावे. हाक मारलेल्या माणसाने ‘काय?’ म्हणेपर्यंत ते संपतात.

भाचीने सकाळभर दोन्ही पिस्तुले चालवली. चिरंजीव दुर्बिणीतून गुण सांगत होते, मी वहीत लिहीत होतो, आणि सौभाग्यवती कानांवर ती मोठाली कर्णफुले चढवून स्वेटर विणत होत्या. दुपारी बेरीज झाली. सावकाशीच्या गोळ्यांत वाल्थर चार गुणांनी पुढे. झटपटीत पार्दिनी तीन गुणांनी पुढे. एकंदरीत एका गुणाचा फरक! गणिताच्या मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, “एका गुणानंही पुढं ते पुढंच. वाल्थर घ्या. तिच्या सरांचंही तेच म्हणणं आहे. रेंजवर चौघांकडं वाल्थर आहे. पेटी बिघडली, स्प्रिंग गेली तर उसनी मिळंल.” हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कोल्हापुरात बसून इटलीहून एक स्प्रिंग मागवायची म्हणजे काय, हे ज्याने मागवली त्यालाच ठाऊक. शिवाय तीन वर्षे जे पिस्तूल तिने मागून चालवले होते तेही वाल्थरच. हाताला सवय त्याची.

भाची गप्प होती. तिच्या मनात काय चालले होते ते मला दिसत होते. वडिलांचा मजला त्या टेबलावर ठेवलेला होता, आणि डिसेंबरात निवड चाचणी.

आजोबांनी मग एक साधी परीक्षा घेतली. पिस्तूल रिकामे. तिला म्हणाले, “डोळे मीट. हात उचल. लक्ष्यावर आला असं वाटलं की डोळे उघड, आणि माशी कुठं आहे सांग.” पिस्तुलाच्या टोकाला असते ती माशी आणि मागे असते ती खाच, खाचेत माशी सरळ, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, हे झाले दर्शन. डोळे उघडल्यावर मनगटाने माशी खाली-वर करावी लागली तर तेवढा वेळ तीन सेकंदांतून गेला. दहा-दहा वेळा केले. वाल्थरला सात वेळा माशी खाचेच्या वर डोकावत होती. पार्दिनीला दोन वेळा. मुठीचा कोन तिच्या मनगटाला या बाजूने जुळत होता, एवढाच याचा अर्थ. लगेच आजोबांनी स्वतःचे मनगट पुढे केले, डोळे मिटले, वाल्थर उचलले आणि दहाच्या दहा वेळा माशी खाचेत! त्यांनी चाळीस वर्षे दुसरे पिस्तूल वापरलेले नाही.

“पण मूठ कानशीनं घासता येते,” ते पुढे म्हणाले. “लाकूडच आहे. कोन थोडा बदलतो. तेव्हा एवढ्यावर ठरवू नकोस. उद्या ये. दमून ये.”

दमून येण्यासाठी उल्मसारखे गाव नाही. चर्चच्या मनोऱ्याला सातशे अडुसष्ट पायऱ्या आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी भाची आणि चिरंजीव चढले. पहिल्या सज्जापर्यंत मीही गेलो आणि तिथल्या दगडी राक्षसांच्या शेजारी बराच वेळ राक्षसासारखाच तोंड वासून बसलो. खाली कोळ्यांची जुनी वस्ती, ब्लाउ नदीचे हिरवे पाणी, कलती घरे. ती पाण्यावर इतकी वाकली आहेत की खिडकीतून हात धुता येतील. भाचीला यातले काही दिसले नसावे. ती खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. सौभाग्यवतींनी डब्यातली गूळपोळी तिच्या हातावर ठेवली, तेव्हा पोळीला कंप सुटला होता.

तशी ती रेंजवर उभी राहिली. मी कालच्यासारखाच वही घेऊन. दमलेल्या हाताने सावकाशीची कालची आघाडी वाल्थरला टिकवता आली नाही. त्याचे वजन नळीकडे जरा अधिक, ते ताज्या हाताला स्थिर ठेवते, पण तिचा थकलेला हात त्याबरोबर हळूहळू उतरू लागला. चारचा फरक एकावर आला. झटपटीत मात्र पार्दिनी नऊ गुणांनी पुढे गेले. पाचव्या गोळीलाही हात उचलला की माशी आपोआप खाचेत येत होती, असे ती म्हणाली. ऑलिंपिकची गोष्ट सोडा. साध्या जिल्ह्याच्या सामन्यातही झटपटीची पाळी सावकाशीच्या नंतर येते, तेव्हा हात ताजा राहिलेला नसतो.

“मामा,” तिने मला बाजूला घेतले, “पार्दिनीच घेऊ. स्प्रिंगा दोन जादा मागवते, पेट्या दोन जादा. पण बाबांना तू सांग.”

“मी नाही,” मी म्हटले. “पिस्तूल तुझं, फोनही तूच कर.”

तिने केला. बराच वेळ ती नुसती ‘हो बाबा, हो बाबा’ करत होती. मग तिने गुणांचे आकडे वाचून दाखवले, दोन्ही दिवसांचे, रकाने पाडून. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मास्तर बहुधा बेरीज पडताळून पाहत असावेत. अखेर ते म्हणाले, “दुसऱ्या दिवशीच्या चौथ्या फेरीची बेरीज पुन्हा करायला सांग मामाला. सत्तेचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस होतात. बाकी ठीक आहे. ते इटलीचं घे.” मी बेरीज पुन्हा केली. सत्तेचाळीसच होत होते, पण फोनवर वाद घातला नाही.

वाल्थरच्या गावात येऊन आम्ही इटालियन पिस्तूल पसंत केले, याबद्दल आजोबांना वाईट वाटेल अशी मला धास्ती होती. त्यांनी भाचीचा पंजा एका कागदावर ठेवून कानामागच्या पेन्सिलीने भोवती रेघ मारली, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत मापे लिहिली, आणि मुठीचा आकार लहान मागवायला सांगितले. मोठी मूठ घासून लहान करता येते हे खरे, पण लहान मुठीला लांबी भरून हवी तिथे चढवणे अधिक बरे, असे त्यांचे मत. कुठे भरायची, तेही त्यांनी रेघांनी दाखवले. पैसे घेईनात. सौभाग्यवतींनी विणून झालेला मफलर पुढे केला, तो मात्र घेतला आणि मे महिन्यात गळ्याला गुंडाळलाही.

पिस्तूल ऑगस्टच्या अखेरीस, सारे शिक्के बसून, कोल्हापुरात पोचले. मी गणपतीला गेलो तेव्हा भाची मागच्या पडवीत बसली होती. मांडीवर अक्रोडाची मूठ, हातात बारीक कानस, शेजारी भिंतीला टाचलेला तो जर्मन कागद. तळव्याला काजळी लावायची, मूठ धरायची, काळे लागेल तेवढेच घासायचे. ताई मधूनमधून येऊन लाकडाचा भुसा सुपात गोळा करून नेत होती. आणि मास्तर आरामखुर्चीत बसून, हातातल्या घड्याळात तीन सेकंद मोजून, “झालं!” असे ओरडत होते. दर वेळी भाची दचकत होती आणि म्हणत होती, “बाबा, अजून गोळी नाहीये त्यात!”